न लिहिणारे पेन : अडलेल्या शाईचा इतिहास

१/
घरातले जुने फाउंटन पेन कधीतरी कपाटातून बाहेर निघते. शाई भरली जाते, कागदावर रेघ ओढली जाते आणि काहीच उमटत नाही. मग आपण पेन झटकतो, निब फरशीवर घासतो, तिच्या फटीतून ब्लेडचे पाते फिरवतो आणि अखेर 'बिघडले' असे म्हणून ते पुन्हा कपाटात ठेवतो. आजचा धागा या 'बिघडले' शब्दाविषयी आहे. अशी बहुतेक पेने मोडलेली नसतात, अडलेली असतात. ती कुठे अडली आणि का, याचे उत्तर ती ज्या काळात घडली त्या काळाच्या रसायनशास्त्रात आणि यंत्रविद्येत सापडते.

२/
आरंभीच एक कबुली. आजोबांचे काळेभोर पेन लिहीत नव्हते म्हणून मी ते साबण घातलेल्या कढत पाण्यात रात्रभर ठेवले. सकाळी वाळलेली शाई सुटली होती, पण काळे पेन शेवाळी-तपकिरी झाले होते. तो रंग आजतागायत तसाच आहे. पेन कशाचे आहे, कोणत्या काळचे आहे, हे न विचारता मी त्याला हात लावला होता. म्हणून या धाग्यात दुरुस्ती आणि इतिहास वेगळे काढलेले नाहीत. जुन्या पेनाच्या बाबतीत निदान आधी आणि पाणी नंतर, हाच क्रम योग्य.

३/
पेन लिहिते म्हणजे नेमके काय होते? निबेखालच्या काळ्या पट्टीला, म्हणजे फीडला, केसाएवढ्या बारीक खाचा असतात. केशाकर्षणामुळे शाई त्या खाचांतून निबेच्या फटीत आणि फटीतून कागदावर उतरते. जितकी शाई बाहेर जाते तितकी हवा त्याच वाटेने आत यावी लागते. हवा आत आली नाही तर आत निर्वात स्थिती निर्माण होते आणि शाई थांबते. हवा एकदम आत शिरली तर कागदावर डाग पडतो. फाउंटन पेनाचा सारा इतिहास हा शाई आणि हवा यांच्यातील या देवघेवीचा इतिहास आहे. ती वाट बंद झाली, की आपण म्हणतो पेन बिघडले.

४/
आपल्याकडच्या लेखनाला ही अडचण नव्हती. मोडीतील कागदपत्रे बोरूने लिहिली जात. बोरू दौतीत बुडवायचा, दोन-चार शब्द लिहायचे, पुन्हा बुडवायचा. शाई काजळाची असे: पाण्यात काजळी आणि ती धरून ठेवायला डिंक. काजळी पाण्यात विरघळत नाही, तिचे कण नुसते तरंगत राहतात. म्हणूनच पुण्याच्या पेशवे दप्तरातील अक्षरे आजही काळीशार दिसतात. पण हीच शाई फाउंटन पेनात भरली, तर काजळीचे कण आणि डिंक मिळून फीडच्या खाचा लिंपून टाकतात. पेनाला नव्या प्रकारची शाई लागणार होती, तिचे बीज या फरकात आहे.

५/
पोटात शाई बाळगणाऱ्या लेखणीची कल्पना जुनी आहे. जर्मन गणितज्ञ डॅनिएल श्वेंटर याने १६३६ साली दोन पिसांपासून केलेल्या अशा लेखणीचे वर्णन केले: एका पिसात शाई, आणि ते दुसऱ्या पिसाच्या आत. १८२७ साली पॅरिसमध्ये शिकणारा रुमानियन विद्यार्थी पेत्राके पोएनारू याला फ्रान्समध्ये अशाच लेखणीचे पेटंट मिळाले. या साऱ्या लेखण्या लिहीत, पण भरवशाने लिहीत नसत. शाई साठवायची कशी हे माणसाला कळले होते. हवा आत घ्यायची कशी, हे अजून कळायचे होते.

६/
ते कोडे बऱ्याच अंशी सुटले न्यूयॉर्कमध्ये. ल्युइस एडसन वॉटरमन याला १२ फेब्रुवारी १८८४ रोजी फीडचे पेटंट मिळाले. त्याने फीडमध्ये एक खाच ठेवली आणि त्या खाचेच्या तळाशी आणखी बारीक चिरा पाडल्या. चिरांतून शाई खाली आणि वरच्या मोकळ्या जागेतून हवा आत, अशी दोघांची वाट एकाच जागी, पण एकमेकांना न अडवता चालू लागली. आज आपल्या हातात येणाऱ्या कोणत्याही फाउंटन पेनाच्या फीडला या रचनेचा वारसा आहे.

७/
वॉटरमनची एक कथा सर्वत्र सांगितली जाते. तो विमा एजंट होता. मोठ्या करारावर सही घेताना पेनाने शाई ओकली, तो नवा कागद आणायला गेला, तेवढ्यात प्रतिस्पर्ध्याने करार पळवला, आणि त्या रागातून पेन जन्मले. कथा आकर्षक आहे, पण तिला समकालीन पुरावा नाही. ती पुढच्या काळातील जाहिरातींमधून पसरली. शोध एका क्षणी लागतो असे मानायला आपल्याला आवडते, म्हणून ती टिकली. प्रत्यक्षात अडीच शतके अनेकांनी चाचपडल्यावर त्या चिरांची योग्य रुंदी सापडली.

८/
आता कपाटातल्या पेनाकडे येऊ. या चिरा इतक्या बारीक असल्यामुळेच पेन लिहिते, आणि इतक्या बारीक असल्यामुळेच ते अडते. शाईतील पाणी उडून जाते, रंगद्रव्य चिरेत थिजते. त्यावर पहिला उपाय धीराचा: साधे, गार पाणी. वाटीत निब आणि पकडीचा भाग बुडेल इतकेच पाणी घ्यावे, पेन उभे ठेवावे, पाणी निळे झाले की बदलावे. अखेर निब टीपकागदावर किंवा जुन्या सुती कापडावर टेकवावी. तेच केशाकर्षण आतली शाई बाहेर ओढते. डाग रंगहीन होईपर्यंत हे करावे. याला कधी एक तास लागतो, कधी चार दिवस.

९/
पाण्याने शाई सुटली नाही, तर ती कोणती होती हे ओळखावे लागते. युरोपात शतकानुशतके लिहिण्याची मुख्य शाई लोहयुक्त होती: मायफळातील टॅनिन आणि हिराकस यांच्या संयोगाची. ती लिहिताना फिकी असते. हवेतील प्राणवायू लागला की काळी पडते आणि कागदाच्या तंतूंत पक्की बसते, म्हणून दस्तऐवजांसाठी तीच मान्य होती. लंडनच्या हेन्री स्टीफन्सने १८३२ साली तिचा निळा-काळा, वाहता प्रकार बाजारात आणला. 'ब्लू-ब्लॅक' हे नाव त्या घराण्यातले: लिहिताना निळी, नंतर काळी.

१०/
जी रासायनिक क्रिया कागदावर हवी, तीच पेनाच्या पोटात घडली तर शाईचा न विरघळणारा गाळ होतो. तो पाण्याने सुटत नाही आणि अमोनियानेही सुटत नाही. त्यासाठी सौम्य आम्ल लागते. पाण्यात विरघळवलेल्या क जीवनसत्त्वाच्या म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्लाच्या पातळ द्रावणाने तो गाळ पुन्हा विरघळणाऱ्या रूपात येतो. मात्र पोलादी निब असेल तर ती त्यात फार वेळ ठेवू नये, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवावी.

११/
दुसरी शाई प्रयोगशाळेतून आली. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम हेन्री पर्किनला क्विनीन बनवण्याच्या खटपटीत जांभळा रंग सापडला. त्यातून कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला आणि पाण्यात पूर्ण विरघळणाऱ्या, कण नसलेल्या, रंगीबेरंगी शाया शक्य झाल्या. पेनाला हवी होती ती हीच शाई. ती वाळली तरी बहुधा पाण्याने सुटते. हट्टी असेल तर पेलाभर पाण्यात घरगुती अमोनियाचे एक-दोन चमचे आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो. अमोनिया ब्लीचमध्ये कधीही मिसळू नये; त्यातून विषारी वायू निघतो.

१२/
लोहयुक्त शाई आम्लधर्मी असते. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून एकोणिसाव्या शतकात जगभर गेलेल्या पोलादी निबा तिने खाल्ल्या. टाकाची निब स्वस्त होती, ती फेकून नवी लावता येई. पण पेनाची निब सदैव शाईत भिजलेली असते. म्हणून सोने आले. ते गंजत नाही. सोने मऊ असते, कागदावर झिजते, म्हणून टोकावर इरिडियम वर्गातील अतिकठीण धातूचा कण बसवला गेला. जॉन आयझॅक हॉकिन्सने १८३४ च्या सुमारास हे साधले. 'चौदा कॅरेटची निब' ही श्रीमंतीची मिरवणूक नव्हती. ती शाईच्या आम्लाला दिलेले उत्तर होती.

१३/
यावरून ब्लेडच्या पात्याचा विचार करावा. शाळेत आपण सगळ्यांनी ते केले आहे आणि पोलादी निबेने ते सोसले आहे. सोन्याच्या मऊ निबेत मात्र पाते फटीच्या कडा खरवडते आणि फट कायमची रुंद करते. मग केशाकर्षण तुटते आणि स्वच्छ झालेले पेनही लिहीत नाही. निब फरशीवर घासली की तो इरिडियमचा कण झिजतो. भिंगातून पाहावे: फट टोकाकडे निमुळती होत जाते का, दोन्ही पाकळ्या एका पातळीत आहेत का? पाकळी वरखाली झाली असेल, तर नखाने हलकेच दाबून ती सरळ करता येते. त्यापुढचे काम जाणकाराचे.

१४/
पेनाच्या इतिहासात दुरुस्तीचे स्थान किती मोठे आहे, हे एका उदाहरणाने कळेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील जेन्सविल गावी जॉर्ज सॅफर्ड पार्कर हा तरुण तारायंत्राची विद्या शिकवत असे. पगाराला जोड म्हणून तो विद्यार्थ्यांना दुसऱ्या कंपनीची पेने विकी. ती सारखी गळत, अडत. विद्यार्थी ती परत आणत आणि पार्कर ती उघडून नीट करून देई. उघडता उघडता दोष कुठे आहे हे त्याला कळले. १८८८ साली त्याने आपली कंपनी काढली, १८८९ साली पहिले पेटंट घेतले. 'पार्कर' हे नाव दुरुस्तीच्या बाकावर जन्मले.

१५/
आता पेनाच्या अंगाकडे वळू. माझ्या हातून बिघडलेले पेन एबोनाइटचे होते. चार्ल्स गुडइयरने रबर आणि गंधक एकत्र तापवून रबर टिकाऊ केले (पेटंट १८४४). गंधकाचे प्रमाण वाढवले की तेच रबर शिंगासारखे कठीण, काळे, चकचकीत होते; त्याचे पेटंट त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ साली घेतले. शाईने ते खराब होत नाही, लेथवर उत्तम कातले जाते, म्हणून सुरुवातीची पेने त्याचीच. पण वर्षानुवर्षे प्रकाशात राहिल्यावर त्याच्या पृष्ठभागातील गंधक हवेशी संयोग पावतो. वरून पेन काळेच दिसते. गरम पाणी लागले की तो दडलेला ऱ्हास तपकिरी रंगाने एकदम उघडा पडतो.

१६/
१९२० च्या दशकात रंग आले. शेफर कंपनीने १९२४ साली सेल्युलॉइडची पेने आणली. हिरवी, लाल, मोत्यासारखी. सेल्युलॉइड कापूर घालून बनते. ते स्पिरिटमध्ये विरघळते आणि ज्योतीजवळ नेले तर भडकते. इंग्लंडमध्ये कॉनवे स्टुअर्ट कंपनीची अनेक सुंदर पेने केसीनची, म्हणजे दुधातील प्रथिनापासून बनवलेली होती. केसीन पाणी शोषून फुगते. म्हणजे ज्या पाण्याने एक पेन वाचते, त्याच पाण्यात रात्रभर राहिले तर दुसरे वेडेवाकडे होते.

१७/
ओळखायचे कसे? अंगठ्याने पेनाचे अंग जोराने, ऊब येईपर्यंत घासावे आणि लगेच वास घ्यावा. गंधकाचा वास आला तर एबोनाइट: गरम पाणी वर्ज्य, अंग शक्यतो कोरडे ठेवावे. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड: स्पिरिट आणि ज्योत वर्ज्य. यांपैकी काहीच नाही आणि रंग फार देखणा, तर केसीनची शंका घ्यावी आणि अंग भिजवू नये. निबेपुरतेच ओल्या कापडाने काम करावे. ही नाकाची परीक्षा एका मिनिटाची आहे. मी ती केली असती, तर आजोबांचे पेन आज काळे असते.

१८/
शाई भरण्याची सोय हा पुढचा टप्पा. सुरुवातीला पेन उघडून ड्रॉपरने शाई घालावी लागे, बोटे माखत. आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसनचा सराफ वॉल्टर शेफर याने १९०८ साली तरफेच्या युक्तीचे पेटंट घेतले. पेनाच्या अंगात रबराची लांबट पिशवी. बाहेरची छोटी तरफ उचलली, की आतली पट्टी पिशवी दाबते, हवा बाहेर जाते. तरफ सोडली की पिशवी फुगते आणि शाई ओढून घेते. पुढची तीस-चाळीस वर्षे जगातील असंख्य पेने याच तत्त्वावर चालली.

१९/
तुमच्या पेनाला बाजूने तरफ असेल आणि ते शाईच घेत नसेल, तर निदान जवळजवळ ठरलेले आहे. रबर म्हातारे होते. काही दशकांत पिशवी कडक होते, तडकते, कधी तिचा चिकट डांबरासारखा गोळा होतो. अशा वेळी तरफ जोराने उचलू नये. आतली पिशवी दगडासारखी झालेली असते. वाकते ती तरफ किंवा तुटते ते पेनाचे अंग. आधी पेन उघडावे. ते उघडते का? उघडते, आणि याचे श्रेय आपल्याकडच्या जंगलातील एका किड्याला आहे.

२०/
ती रबरी पिशवी निबेच्या भागाला चिकटवायला कारखाने शेलॅक वापरत, म्हणजे लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ सोडतात तो. छोटा नागपूरच्या जंगलांतून गोळा झालेली लाख कलकत्त्याहून जगभर जाई. बालगंधर्वांची पदे ज्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर उतरली, त्या तबकड्यांतही लाखच होती. लाखेचा गुण असा, की ती शाईला दाद देत नाही, पण उष्णतेने मऊ होते. चिकटवतानाच पुन्हा उघडण्याची सोय ठेवलेली होती. ज्यांनी ही पेने केली त्यांनी गृहीत धरले होते की कोणीतरी, कधीतरी, ती उघडणार आहे.

२१/
म्हणून पद्धत अशी. केस वाळवण्याच्या यंत्राची कोरडी, मध्यम ऊब जोडाजवळ फिरवत द्यावी. हाताला जेमतेम सोसेल इतकीच. सेल्युलॉइडला विशेष जपावे. मग निबेचा भाग हलक्या हाताने, डोलवत, बाहेर ओढावा. निघाला नाही तर जोर वाढवू नये, पुन्हा ऊब द्यावी; घाईत मोडलेली पेने थांबल्याने मोडलेल्या पेनांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. जुन्या पिशवीचे तुकडे काढून टाकावेत, नवी पिशवी मापाने कापावी, लाखेने चिकटवावी, एक रात्र वाळू द्यावी. पिशवीचा क्रमांक हा इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजलेला तिचा व्यास असतो: सोळा क्रमांक म्हणजे पाव इंच. ही मापे आजही तीच आहेत.

२२/
कंपन्यांनाही अडणाऱ्या शाईचे दुखणे ठाऊक होते. पार्करने १९३१ साली 'क्विंक' शाई आणली आणि ती लिहिता लिहिता पेन स्वच्छ करते अशी जाहिरात केली. १९४१ साली आलेल्या 'पार्कर ५१' पेनात निब जवळजवळ पूर्ण झाकलेली होती, त्यामुळे ती लवकर वाळत नसे. त्यासाठी बनवलेली खास शाई इतकी तीव्र होती, की ती फक्त ५१ साठीच आहे असे बाटलीवर बजावलेले असे. इतर पेनांना ती खाई. १९४८ नंतरच्या ५१ मध्ये रबराऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी आली. त्यांतल्या कित्येक पिशव्या आजही शाबूत आहेत, आणि असे पेन अनेकदा नुसत्या पाण्याने पुन्हा लिहू लागते.

२३/
भारतात पेन हा स्वदेशीचाही प्रश्न झाला. राजमहेंद्रवरमचे के. व्ही. रत्नम यांनी घडवलेले देशी पेन अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे कुमारप्पा यांच्यामार्फत गांधीजींकडे पोहोचले. या संघाचे केंद्र वर्ध्याला होते. १९३५ च्या जुलैमध्ये गांधीजींनी रत्नम यांना आभाराचे पत्र पाठवले. आपण हे पेन वापरले असून बाजारातील परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटते, असा त्याचा आशय होता. राजमहेंद्रवरमला एबोनाइटची पेने हाताने कातण्याची परंपरा त्यानंतरही चालू राहिली.

२४/
पेन देशी झाले तरी शाईचे काय? १९३१ साली मुंबईत दि. प. दांडेकर आणि गो. प. दांडेकर या बंधूंनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली. लवकरच फाउंटन पेनासाठी 'कॅमल' शाई आली. तेच पुढचे कॅमलिन. बंगालमध्ये १९३४ साली मैत्र बंधूंनी 'सुलेखा' सुरू केली. दौतीची शाई आणि पेनाची शाई यांतला भेद इथे महत्त्वाचा: दौतीत न विरघळलेला कण तळाशी बसतो, पेनात तो चिरेत बसतो. घरी कालवलेली पुडीची शाई पेनात भरणे, हे अनेक घरांतील पेने अडण्याचे साधे कारण असावे.

२५/
देशी पेनांपैकी पुष्कळ पेने ड्रॉपरने भरायची, पिशवी नसलेली. त्यांची तक्रार वेगळी: शाई संपत आली की कागदावर टपकन थेंब पडतो. हा दोष पेनाचा नाही. शाई कमी झाली की आत हवा जास्त; हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. अशा पेनात शाई पाव भागावर येऊ देऊ नये, इतकाच उपाय. आट्यांना शाईबंद करण्यासाठी सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. स्वातंत्र्यानंतर परदेशी पेनांच्या आयातीवर निर्बंध आले, आणि हाती असलेले पेन जपणे व दुरुस्त करून घेणे हा शहाणपणाचा व्यवहार झाला.

२६/
मग बॉलपेन आले. हंगेरियन पत्रकार लास्लो बिरोने १९३८ साली त्याचे पेटंट घेतले. २९ ऑक्टोबर १९४५ रोजी न्यूयॉर्कच्या एका दुकानात रेनॉल्ड्सचे बॉलपेन साडेबारा डॉलरला विकायला आले आणि गर्दी लोटली. १९५० मध्ये फ्रान्समध्ये मार्सेल बिकचे स्वस्त 'क्रिस्टल' निघाले. घट्ट शाई, गोळी, ना निब ना फीड. त्याची सोय निर्विवाद आहे. गरिबाघरच्या मुलाच्या हाती भरवशाची लेखणी त्यानेच दिली. पण त्याने एक गृहीतकही बदलले. ते संपले की टाकायचे होते. ते कोणी उघडून नीट करील, हे त्याच्या रचनेतच नव्हते.

२७/
म्हणून जुने पेन लिहीत नसेल तर एवढा क्रम धरावा. आधी वास घेऊन अंग ओळखावे. मग शाई भरण्याची तऱ्हा पाहावी: ड्रॉपर, तरफ की पारदर्शक पिशवी. मग गार पाणी, धीर आणि टीपकागद. शाई सुटली नाही तर ती रंगाची की लोहाची, हे पाहून अमोनिया किंवा ॲस्कॉर्बिक आम्ल. आणि केसीनला यांपैकी काहीच नाही. मग भिंगातून निब. सर्वांत शेवटी ऊब देऊन उघडणे. हात थांबतो तिथे थांबावे आणि जाणकाराकडे जावे. गावोगावचे पेन दुरुस्त करणारे कारागीर कमी होत चालले आहेत; जे आहेत त्यांना काम मिळाले तरच ते राहतील.

२८/
आजोबांचे ते पेन मी पुढे पुन्हा उघडले, या वेळी विचारून. आत कडक झालेली पिशवी होती आणि तिच्या जोडावर लाखेचा जुना, तपकिरी थर. त्यावर कोणाचा तरी हात आधी फिरलेला स्पष्ट दिसत होता: लाख दोनदा लावलेली होती. म्हणजे माझ्याआधीही ते एकदा अडले होते आणि कोणीतरी ते नीट करून दिले होते. मी तिसरा थर लावला. पेन तपकिरी आहे, पण लिहिते. तुमच्या कपाटात असे एखादे असेल तर आज वास घेऊन पाहा आणि कशाचे निघाले ते खाली जरूर लिहा.